नौदलाचं टेंडर : आधी कागद, मग कच्चा माल

जळगाव, भुसावळ, धुळे, नरडाणा इथल्या एमआयडीसींमध्ये उत्तम टर्निंग करणारे, फॅब्रिकेशनवाले, रबर मोल्डिंगवाले कारखानदार आहेत. त्यांतले बरेच जण आता नौदलाच्या आणि जहाजबांधणी गोद्यांच्या कामाकडे वळतायत. आणि मग एक तक्रार वारंवार कानावर येते : "भो, रेट आपलाच कमी होता, तरी टेक्निकलमध्येच उडालो." दुसरी तक्रार त्याहून महागाची : ऑर्डर मिळाली, माल तयार झाला, आणि तपासणीवाल्यांनी हातही लावला नाही. माल शेडमध्ये, पैसे मालात.

या दोन्ही प्रकारांत कारागिरी क्वचितच कमी पडलेली असते. चुकतो तो क्रम. आपल्याकडची सवय अशी की ऑर्डर आली की आधी माल आणायचा, मशीनवर चढवायचा, कागद मागाहून जुळवायचे. पाइप, चटई, डाळ मिलचे सुटे भाग यांत ते खपून जातं. नौदलाच्या कामात भागाइतकंच त्याच्या पुराव्याला मोल असतं, आणि पुरावा मागून तयार करता येत नाही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि कामही त्याच क्रमाने करा.

## १. गिऱ्हाईक नेमकं कोण, ते आधी ठरवा

"नौदलाला माल द्यायचाय" असं म्हणून काम सुरू होत नाही, कारण नौदलाची खरेदी एका टेबलावर होत नाही. चार वाटा आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे.

पहिली वाट भांडवली खरेदीची. नवी जहाजं, पाणबुड्या, रडार, क्षेपणास्त्रं. यासाठी संरक्षण मंत्रालयाची डीएपी म्हणजे डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसीजर ही कार्यपद्धती आहे. आधी माहितीची विचारणा, मग नौदलाच्या गरजांचा मसुदा, मग गरजेला मंजुरी, मग प्रस्तावाची विनंती, तांत्रिक मूल्यमापन, प्रत्यक्ष चाचण्या, किमतीची वाटाघाट आणि शेवटी करार. यात वर्षं जातात. लहान कारखान्याने इथे थेट उतरू नये, पण ही साखळी माहीत असावी. कारण तुमच्याकडे येणारी ऑर्डर या साखळीच्या शेपटाकडून येते आणि वर झालेला उशीर तुमच्या तारखांवर येऊन पडतो.

दुसरी वाट महसुली खरेदीची : चालू जहाजांचे सुटे भाग, दुरुस्ती, देखभाल. मुंबईची नेव्हल डॉकयार्ड, घाटकोपरचं मटेरियल ऑर्गनायझेशन ही त्यातली ठिकाणं. इथे डीपीएम म्हणजे डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल ही नियमावली चालते. तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कुणी तुम्हाला २००९च्या आवृत्तीवर बेतलेली चेकलिस्ट दिली असेल, तर ती बाजूला ठेवा.

तिसरी वाट गोद्यांची : मुंबईची माझगाव डॉक, वास्कोची गोवा शिपयार्ड, कोची, कोलकाता, विशाखापट्टणम. या कंपन्या आपापल्या खरेदी नियमांनी आणि व्हेंडर नोंदणीने चालतात.

चौथी वाट मुख्य यंत्र बनवणाऱ्याची. पंप, व्हॉल्व्ह, डेक मशिनरी, स्विचबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या गोद्यांना यंत्र देतात आणि त्याचे भाग बाहेरून करून घेतात.

माझं स्पष्ट मत आहे की खानदेशातल्या कारखान्याने पहिलं काम चौथ्या वाटेनं घ्यावं, नाहीतर दुसऱ्या वाटेवरचं छोटं काम घ्यावं. चौथ्या वाटेवर भाव कमी मिळतो, पण मंजूर ड्रॉइंग आणि तपासणीचा आराखडा आयता येतो, आणि तपासणी अधिकारी समोर कसं काम करतो ते शिकायला मिळतं.

थांबा : भुसावळ किंवा वरणगावच्या आयुध कारखान्याला वर्षानुवर्षं माल देणाऱ्यांनी ती नोंदणी इथे चालेल असं समजू नये. वरणगाव आता म्युनिशन्स इंडियाकडे आहे, भुसावळ यंत्र इंडियाकडे. गोदीची नोंदणी वेगळी, तपासणीची यंत्रणा वेगळी. तो अनुभव प्रस्तावात जरूर लिहा, पण नोंदणी नव्यानेच करा.

## २. नोंदण्या : नावापासून सुरुवात

लागणाऱ्या नोंदण्या सगळ्यांना पाठ आहेत : उद्यम (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंद), जीएसटी, जेम पोर्टल (सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार), संरक्षण खात्याचं ई-खरेदी पोर्टल, हव्या त्या गोदीची व्हेंडर नोंदणी, क्लास ३ डिजिटल सही. अडचण नोंदणीत येत नाही. त्या एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे येते.

एका कागदावर "इंजिनिअरिंग वर्क्स", दुसऱ्यावर "इंजिनिअर्स", बँकेत मालकाचं वैयक्तिक नाव, जीएसटीवर जुना प्लॉट नंबर. छाननी करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या फर्म आहेत. सगळे कागद टेबलावर पसरा आणि नाव, पत्ता, पॅन, बँक खातं अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे टेंडर समोर नसतानाच करा.

उद्यममध्ये काय व्यवसाय लिहिलाय तेही बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट मिळते ती उत्पादक किंवा सेवा देणारे म्हणून. नोंद व्यापाराची असेल तर सूट नाही. शेडमध्ये चार लेथ चालू असून उद्यमवर "घाऊक व्यापार" लिहिलेलं, असं आपल्याकडे सर्रास दिसतं.

बरोबरच आयएसओ ९००१ आणि मोजमापाच्या साधनांचं कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचंच हवं. प्रत्येक मायक्रोमीटर, बोअर गेज, प्रेशर गेजवर क्रमांक कोरा आणि त्या क्रमांकाचं प्रमाणपत्र फाइलला लावा. तपासणी अधिकारी शेडमध्ये आल्यावर पुष्कळदा पहिल्यांदा हेच मागतो.

औद्योगिक परवान्याबद्दल गैरसमज फार आहेत. सुटे भाग, कास्टिंग, ब्रॅकेट, गॅस्केट यांतल्या बहुतेक मालाला संरक्षण उत्पादनाचा वेगळा परवाना लागत नाही. तो ठरावीक यादीतल्या वस्तूंनाच लागतो. यादी स्वतः उघडून बघा. "परवाना काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी तरी नक्की.

तपासा : डिजिटल सहीची मुदत कधी संपते? टेंडरच्या शेवटच्या दिवशी टोकन बंद पडलं तर कुणीही मुदत वाढवून देत नाही.

## ३. वस्तू निवडा, पण समुद्राच्या नजरेनं

संरक्षण खात्याच्या सृजन पोर्टलवर देशात बनवून हव्या असलेल्या हजारो वस्तूंची यादी आहे. ती बघताना मोह होतो : हे तर आपण रोज करतो! इथेच जरा दम धरा.

जळगावात पीव्हीसी पाइपचं ज्ञान घरोघर आहे, म्हणून पहिलं उदाहरण त्याचंच घेतो. शेतात पीव्हीसीला तोड नाही. युद्धनौकेत मात्र बंद जागा, अरुंद जिने आणि आगीची सततची भीती. पीव्हीसी जळलं की दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो माणसाच्या फुप्फुसाला घातक आणि इलेक्ट्रॉनिक्सला गंज आणणारा. त्यामुळे जहाजाच्या आत केबलच्या आवरणापासून भिंतीच्या पॅनेलपर्यंत कमी धूर करणारा, हॅलोजनमुक्त माल मागतात. तुमचं मोल्डिंग किंवा एक्स्ट्रूजन मशीन चालेल, पण कंपाउंड बदलावं लागेल आणि आगीच्या चाचण्यांचा दाखला लागेल. तो खर्च पेलणार असेल तरच पुढे जा.

धातूंचंही तसंच. साधं पितळ समुद्राच्या पाण्यात जस्त गमावतं आणि ठिसूळ होतं. ३०४ स्टेनलेसला खाऱ्या पाण्यात खड्डे पडतात. म्हणून गनमेटल, निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, ९०-१० क्युप्रोनिकेल, ३१६एल स्टेनलेस अशी समुद्रात टिकणाऱ्या धातूंची नावं ड्रॉइंगवर दिसतात. "३०४ चालेल ना, दिसायला सारखंच" हा प्रश्न मनातही आणू नका. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यातला कमकुवत धातू झिजतो, म्हणून नट-बोल्टचा धातूसुद्धा ड्रॉइंगप्रमाणेच.

निवडीची माझी कसोटी सोपी आहे. जो भाग तुम्ही आज वेगळ्या धातूत किंवा वेगळ्या कंपाउंडमध्ये तेवढ्याच अचूकतेने करता, तो घ्या. ज्याला नवी प्रक्रिया, नवं मशीन आणि नवी चाचणी या तिन्ही गोष्टी लागतात, तो पहिल्या वर्षी सोडा.

ज्यांच्याकडे स्वतःची नवी कल्पना आहे, उदाहरणार्थ सेन्सर किंवा नियंत्रण यंत्रणा, त्यांची वाट वेगळी आहे : संरक्षण खात्याच्या आयडेक्स या नवकल्पना योजनेची आव्हानं. त्यात विकासासाठी साधारण दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण तेवढाच वाटा अर्जदारालाही घालावा लागतो. तो लेखाचा वेगळा विषय आहे.

## ४. टेंडर वाचण्याचा क्रम

बहुतेक जण टेंडर उघडलं की नग किती आणि ड्रॉइंग कसं, एवढं बघतात. हा क्रम ठेवा :

पहिल्यांदा पात्रतेच्या अटी. उलाढाल, मागचा अनुभव, प्रमाणपत्रं. सूक्ष्म-लघु उद्योग आणि स्टार्टअपना अनुभवात सवलत मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही. टेंडरमध्ये "सवलत लागू" असं लिहिलेलं हवं. नसेल तर लेखी विचारा.

दुसऱ्यांदा तांत्रिक गरजांचं पत्रक आणि त्यात उल्लेखलेल्या मानकांची यादी. "अमुक मानकाप्रमाणे" या अर्ध्या ओळीत लाखाचा खर्च दडलेला असू शकतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या पत्रकात जेएसएस ५५५५५ हे मानक दिसलं, तर उष्णता, दमटपणा, खारं धुकं, कंपन अशी पर्यावरण चाचण्यांची मालिका आली. धक्का सहन करण्याची चाचणी किंवा विद्युतचुंबकीय चाचणी दिसली, तर ती कुठे होते, नंबर कधी लागतो आणि शुल्क किती, हे भाव भरण्याआधी कळायला हवं. पुण्याची एआरएआय, मुंबईतली समीर आणि ईआरटीएल अशा प्रयोगशाळांकडून लेखी कोटेशन मागवा.

तिसऱ्यांदा तपासणी कोण करणार. नौदलाची गुणवत्ता यंत्रणा, गोदीतलं नौदलाचं देखरेख पथक, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारखी वर्गीकरण संस्था, की गोदीचा स्वतःचा विभाग? कधी दोघे मिळून. तपासणीचं शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, ते याच पानावर सापडेल.

चौथ्यांदा पुरवठ्याची मुदत, दंड, हमीचा काळ, पैसे मिळण्याच्या अटी. पाचव्यांदा ड्रॉइंग. आणि भावाचा तक्ता सगळ्यात शेवटी.

वाचताना एका वहीत शंका लिहीत जा. बोलीपूर्व बैठक किंवा प्रश्नांची मुदत असते, तिच्या आत प्रश्न लेखी पाठवा. ड्रॉइंगवर एक माप आणि पत्रकात दुसरं, हा प्रकार घडतो. फोनवर "चालेल हो" म्हणणाऱ्याच्या शब्दाला तपासणीच्या दिवशी किंमत नसते.

चूक जी वारंवार होते : कलमवार पूर्ततेच्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत "मान्य" लिहून टाकणं. छाननी करणारा अभियंता पुरावा कुठल्या पानावर आहे ते शोधतो. प्रत्येक कलमापुढे मान्य की नाही, कशाच्या आधारे आणि जोडलेल्या फाइलचं कितवं पान, असं लिहा. एखादं कलम जमत नसेल तर विचलन (अटीपासूनचा फरक) म्हणून उघड मांडा. लपवलेलं विचलन करारानंतर निघालं, तर ते तुमच्या खर्चानं दुरुस्त करावं लागतं.

## ५. भाव काढताना

इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

आपला नेहमीचा हिशेब : धातूचं वजन, मशीनचे तास, नफा. नौदलाच्या मालात त्यापलीकडे चाचण्यांचे तुकडे, प्रयोगशाळेचं शुल्क, साक्षीदार तपासणी, तिसऱ्या पक्षाचं प्रमाणपत्र, कास्टिंगमधलं रिजेक्शन, रेडिओग्राफी असेल तर ती, खास पॅकिंग, मुंबईपर्यंतची वाहतूक, बँक गॅरंटीचं कमिशन आणि हमीकाळातला एखादा बदलीचा नग, एवढं येतं. यातला बराच खर्च नगांवर अवलंबून नसतो.

समजा चाचण्या, तपासणी आणि गॅरंटी मिळून ६०,००० रुपये लागले. ऑर्डर २०० नगांची असेल तर नगामागे ३०० रुपये. ऑर्डर १२ नगांची असेल तर नगामागे ५,०००. आणि नौदलाच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी बऱ्याचदा १२ नगांच्याच असतात. दोनशे नगांच्या सवयीनं भाव भरलेला माणूस इथे बुडतो.

आता सवलतींबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली : अनामत रकमेची सूट म्हणजे कामगिरी हमीची सूट नव्हे. ऑर्डर मिळाल्यावर टेंडरमध्ये लिहिलेल्या टक्केवारीची बँक गॅरंटी द्यावीच लागते. त्यासाठी बँक मार्जिन मागते आणि तेवढं खेळतं भांडवल अडकतं. बँकेत आधी बोलून ठेवा.

दुसरी : सूक्ष्म-लघु उद्योगांची १५ टक्क्यांची पट्टी. सगळ्यात कमी भाव भरणारा या गटात नसेल आणि तुमचा भाव त्याच्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर काही हिस्सा पुरवण्याची संधी तुम्हाला मिळते, पण त्याच्याच भावात. त्याचा भाव १,००,००० आणि तुमचा १,१४,००० असेल, तर काम १,००,०००लाच करावं लागेल. "पंधरा टक्के जास्त मिळतात" असं समजून भाव फुगवणाऱ्याला नंतर तोट्यात काम करावं लागतं, नाहीतर नकार द्यावा लागतो.

तपासा : उशिराचा दंड भावात धरलाय का? अनेक करारांत तो आठवड्याला अर्धा टक्का अशा हिशेबानं आणि ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत लागतो. कास्टिंगची एक खेप नाकारली गेली तर किती आठवडे जातील, ते आधी मांडा आणि मगच मुदत कबूल करा.

## ६. बोली भरताना

तांत्रिक आणि आर्थिक, अशी दोन पाकिटं असतात. तांत्रिक पाकिटात या कामाच्या किमतीचा आकडा कुठेही दिसता कामा नये. जुन्या ऑर्डरची प्रत अनुभव म्हणून जोडताना हे नडत नाही, पण याच कामाच्या कच्च्या मालाचं कोटेशन किंवा स्वतःचा अंदाजपत्रकाचा कागद चुकून गेला, तर बोली बाद होऊ शकते. अपलोड करण्याआधी दुसऱ्या माणसाकडून प्रत्येक पान बघून घ्या. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. एमआयडीसीतली वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा धरता येत नाही, म्हणून दोन दिवस आधी सादर करून पावती छापून ठेवा.

देशी घटकांचं प्रमाण जाहीर करताना खरं लिहा. पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार ठरायला किमान ५० टक्के, दुसऱ्या वर्गासाठी किमान २० टक्के लागतात. आयात केलेला सळिया तुम्ही मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलात म्हणून तो देशी होत नाही. खोट्या घोषणेला काळ्या यादीपर्यंतची शिक्षा आहे.

## ७. ऑर्डर आली : मशीनला हात लावण्याआधी

या टप्प्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. ऑर्डर हातात आल्यावर पुढची कामं याच क्रमानं करा.

अ) ऑर्डर आणि बोली समोरासमोर ठेवून ओळीओळीनं ताडा. ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक तोच आहे ना, ते खास बघा. फरक असेल तर लगेच लेखी कळवा.

आ) गुणवत्ता आराखडा म्हणजे क्यूएपी तयार करून मंजुरीला पाठवा. यात प्रत्येक टप्पा, त्याची चाचणी, किती नगांवर, कुठल्या मानकानं, स्वीकाराची मर्यादा काय आणि कोण बघणार, हे तक्त्यात असतं. टप्प्यांत दोन प्रकार ओळखा. साक्षीचा टप्पा म्हणजे तपासणी अधिकाऱ्याला बोलवायचं, तो नाही आला तर आराखड्यात लिहिल्याप्रमाणे पुढे जाता येतं. थांब-टप्पा म्हणजे त्याच्या सहीशिवाय पुढचं काम करायचंच नाही. थांब-टप्पा ओलांडून केलेलं काम कितीही चांगलं असलं, तरी ते तपासलेलं ठरत नाही.

इ) वेल्डिंग असेल तर वेल्डिंगची पद्धत आणि वेल्डरची पात्रता आधी मंजूर करून घ्या. वीस वर्षं वेल्डिंग करणारा मिस्त्री असला, तरी त्याचा चाचणी तुकडा आणि दाखला हवाच.

ई) आता कच्चा माल मागवा. ऑर्डर देतानाच प्रमाणपत्राचा प्रकार लिहा. ईएन १०२०४ या युरोपीय मानकाप्रमाणे २.२ म्हणजे त्या मालाचीच अशी चाचणी नसलेलं सर्वसाधारण पत्र. ३.१ म्हणजे त्याच खेपेची चाचणी, उत्पादकाच्या स्वतंत्र तपासणी विभागाच्या सहीनं. ३.२ म्हणजे त्यावर ग्राहकाच्या किंवा तिसऱ्या पक्षाच्या तपासनिसाचीही सही. करारात ३.२ मागितलं असेल आणि तुम्ही ३.१चा माल बाजारातून उचलून आणला, तर ३.२ नंतर मिळवणं फार अवघड. नव्यानं तुकडे काढून चाचण्या करणं हाच मार्ग उरतो, आणि तोही तपासनीस मान्य करेल तरच.

थांबा : क्यूएपीवर मंजुरीचा शिक्का येईपर्यंत ओतकाम नाही, कटिंग नाही. मंजुरीला उशीर झाला तर आठवण देणारी पत्रं पाठवा आणि जपून ठेवा. उशिराच्या दंडाच्या वेळी तीच तुमची बाजू मांडतात.

आणखी एक : नौदलाची ड्रॉइंग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, जॉबवर्कवाल्याला मोबाइलमध्ये फोटो काढू देऊ नका. शासकीय गुपित कायदा १९२३चा आहे आणि लागू आहे. क्रमांक घातलेली छापील प्रत द्या, काम झालं की परत घ्या.

## ८. उत्पादन आणि तपासणी

एक गनमेटलची रिंग घेऊन बघू. फाउंड्रीत वितळलेल्या प्रत्येक भट्टीला हीट नंबर असतो. त्याच भट्टीतून चाचणीचा तुकडाही ओततात. रिंगवर तो नंबर ओतीव किंवा ठोकलेला असतो. आता रिंग लेथवर चढते आणि पहिल्याच कटला ज्या पृष्ठभागावर नंबर आहे तो पृष्ठभाग उतरतो. नंबर गेला, आणि ही रिंग कुठल्या भट्टीची हे जगात कुणीही सांगू शकत नाही. म्हणून नंबर असलेला भाग कापण्याआधी तो नंबर दुसऱ्या, न कापल्या जाणाऱ्या जागी ठोकायचा आणि हे हस्तांतर तपासनिसाच्या किंवा ठरलेल्या माणसाच्या सहीनं नोंदवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यानं अख्ख्या खेपा नाकारल्या जातात.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ती आपल्या उन्हाची आहे. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश सहज असतं. ३०० मिमी व्यासाची गनमेटलची रिंग २२ अंशांच्या फरकानं सुमारे ०.१२ मिमी फुगते. स्टीलचा मायक्रोमीटरही तापतो, त्यामुळे चूक काहीशी भरून निघते, तरी ०.०४ मिमीच्या आसपास फरक उरतो. या मापाला आयटी-७ ग्रेडची (मापातल्या मुभेची एक प्रमाणित श्रेणी) एकूण मुभाच ०.०५२ मिमी असते. म्हणजे शेडमध्ये बरोबर बसलेली रिंग गोदीच्या वातानुकूलित तपासणी खोलीत लहान भरू शकते. अंतिम माप वातानुकूलित खोलीतच घ्या, नग आणि साधन दोन्ही तिथे रात्रभर ठेवून. लेथवरून काढलेल्या गरम नगाला एसीतून आणलेला मायक्रोमीटर लावणं सगळ्यात वाईट.

दाबाची चाचणी असेल तर ती साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट असते, पण नेमका दाब आणि किती वेळ धरायचा ते आराखड्यातूनच घ्या. रंग किंवा प्रायमर चाचणीनंतर लावा. आधी लावलेला रंग बारीक गळती झाकतो आणि तपासनीस तो खरवडायला लावतो.

तपासणीचं बोलावणं पाठवण्याआधी स्वतःची पूर्ण तपासणी करून अहवाल जोडा. बोलावणं करारात लिहिलेल्या आगाऊ मुदतीप्रमाणे पाठवा. अधिकारी मुंबईहून येतो. तो आला आणि तुमचं प्रेशर गेज कॅलिब्रेशनबाहेर निघालं, तर पुढची तारीख कधी मिळेल ते तुमच्या हातात नाही.

त्या दिवशी टेबलावर हवं : मंजूर ड्रॉइंग, मंजूर क्यूएपी, कच्च्या मालाची मूळ प्रमाणपत्रं, हीट नंबर हस्तांतराची नोंद, प्रयोगशाळेचे अहवाल, वेल्डरचे दाखले, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, तुमचा अंतर्गत माप अहवाल. सगळं क्रमानं, एकाच फाइलमध्ये.

तपासनिसानं दोष काढला तर वाद घालू नका आणि गुपचूप दुरुस्तीही करू नका. कास्टिंगमधली पोकळी वेल्डनं बुजवणं हा आपल्याकडचा जुना हातखंडा आहे. परवानगीशिवाय तो इथे फसवणूक ठरतो. दुरुस्तीची पद्धत लिहून द्या, मंजुरी घ्या, मग करा.

## ९. पाठवणी आणि पावती

तपासणीची चिठ्ठी हातात आल्याशिवाय माल हलवू नका. मंजूर नगांवर शिक्का किंवा सील असेल तर ते पॅकिंगमध्ये दिसेल असं ठेवा.

जळगावहून धुळे-नाशिकमार्गे कसारा उतरला की माल कोरड्या हवेतून दमट हवेत जातो. मशीन केलेल्या स्टीलच्या पृष्ठभागावर पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस डाग दिसतात. गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद, सीलबंद प्लास्टिक, आत सिलिका जेल आणि मग लाकडी खोका. करारात पॅकिंगचं मानक दिलं असेल तर ते पाळा. खोक्यावर ऑर्डर क्रमांक, वस्तू क्रमांक, नग, आणि असेल तर साठवणीची मुदत. रबरच्या सीलवर क्युअरिंगची तारीख नसेल तर स्टोअर ते घेत नाही.

गोदीच्या फाटकावर गाडीला आणि ड्रायव्हरला प्रवेशपत्र लागतं. ते आधी मागवा, नाहीतर गाडी बाहेर उभी राहते आणि थांबण्याचं भाडं चढतं.

वस्तू मोठ्या यंत्रणेचा भाग असेल, तर काम पावतीवर संपत नाही. जहाजावर बसवणं, बंदरातली चाचणी, समुद्रातली चाचणी असे टप्पे उरतात आणि काही रक्कम त्यांच्याशी बांधलेली असू शकते. कुठल्या टप्प्याला तुमचा माणूस लागेल ते ऑर्डरमध्येच बघून ठेवा.

## १०. पैसे

बिल एका चुकीच्या वस्तू क्रमांकासाठीही परत येतं. ऑर्डर, तपासणी चिठ्ठी, चलन आणि बिल यांवर वर्णन शब्दशः सारखं ठेवा. जेमवरची ऑर्डर असेल तर माल मिळाल्याचं आणि स्वीकारल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र निघालं का ते रोज बघा. त्याशिवाय पैशांचं चक्र सुरू होत नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या एमएसएमईडी कायद्यानं संरक्षण आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं मासिक चक्रवाढ व्याज. दिवस मोजले जातात ते स्वीकारापासून, म्हणून स्वीकाराची तारीख लेखी मिळवा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. खरेदीदार ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) असेल तर मंजूर बिल तिथे सवलतीनं वटवून पैसे लवकर मिळवता येतात. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर थकबाकीची तक्रार हा शेवटचा उपाय आहे. आधी लेखा विभागातल्या माणसाला फोन करा. बऱ्याचदा एखादा कागद अडकलेला असतो.

हमीचा काळ संपेपर्यंत कामगिरी हमीची गॅरंटी चालू राहते. ती सुटण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि वेळेवर परत मागा. आपणहून कुणी पाठवत नाही. पॅटर्न, उरलेले चाचणी तुकडे आणि त्या खेपेची पूर्ण फाइल मात्र त्यानंतरही टाकू नका. जहाज तीस-तीस वर्षं चालतं, तीच रिंग पुन्हा लागते, आणि दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी मंजूर पॅटर्न आणि मंजूर आराखडा तयार असला की टप्पा सातचा निम्मा वेळ वाचतो.